गावातील दारूबंदी टिकत का नाही आणि खटले कुठे फसतात?

शिरपूर तालुक्यातील एका गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्षांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील देशी दारूचे परवानाधारक दुकान महिलांनी मतदान करून, आडव्या बाटलीला कौल देऊन बंद पाडले. त्यानंतर काही महिन्यांतच गावठी दारू आणि सीमेपलीकडून येणाऱ्या बाटल्या घराघरांतून विकल्या जाऊ लागल्या. छापा पडतो, गुन्हा दाखल होतो आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कॅन घेऊन बसलेला दिसतो. मग आपला कायदाच कच्चा आहे का, आणि बिहार किंवा गुजरातसारखी कडक शिक्षा महाराष्ट्रातही आणावी अशी मागणी करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, खानदेशातील न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत सरकारतर्फे दारूबंदीचे खटले चालवण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. त्या अनुभवावरून सांगतो, की शिक्षा वाढवण्याच्या मागणीत आपली ताकद खर्च करू नये. आज जी शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे तीसुद्धा फार थोड्या आरोपींपर्यंत पोहोचते. गुन्हा सिद्ध व्हायला जो पुरावा लागतो तो छाप्याच्या पहिल्या दोन-तीन तासांतच तयार व्हावा लागतो आणि बहुतेक वेळा तो तसा होत नाही. जो सिद्ध होतो तोही बहुधा साखळीतल्या शेवटच्या, सगळ्यांत गरीब माणसाविरुद्धच होतो. गुन्ह्यांची संख्या वाढवण्यापेक्षा थोडे पण पक्के गुन्हे आणि तेही पुरवठा करणाऱ्यांवर, अशी मागणी आपण करावी. तसे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

प्रथम कायद्याविषयी. आपल्याकडे लागू असलेला कायदा १९४९ चा आहे. तेव्हा तो मुंबई दारूबंदी अधिनियम होता, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. गुजरात १९६० मध्ये वेगळे राज्य झाले तेव्हा तोच कायदा तिकडेही गेला. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने मात्र साठच्या दशकात बंदी शिथिल केली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांखाली देशी दारूच्या दुकानांची रीतसर घडी बसवली. म्हणजे नावाने दारूबंदीचा असलेला हा कायदा महाराष्ट्रात प्रत्यक्षात परवान्यांचा कायदा झाला. त्याच्याच आधारावर राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल येतो. वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे सोडले तर आपल्या राज्यात सरसकट बंदी कुठेही नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. आपल्या गावात जी बंदी आहे ती एका परवानाधारक दुकानापुरती आहे, हे नीट लक्षात घ्यावे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, त्यामुळे ही अट किती अवघड आहे हे ज्यांनी ती पार पाडली त्यांनाच कळते. परंतु दुकान बंद होणे आणि गावात दारू न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मतदानाने साधते, तर दुसरीसाठी रोजची अंमलबजावणी लागते.

विनापरवाना दारू गाळणे, बाळगणे, विकणे आणि वाहून नेणे यासाठी मुख्य कलम ६५ आहे. विक्रीला ६५ (ई) लागते. भट्टी, रसायन (म्हणजे दारूसाठी आंबवलेले मिश्रण), पिंप आणि नळ्या सापडल्या तर ६५ (एफ) लागते, ज्याला पोलीस ठाण्यातील बोलीत 'पासष्ट फ' म्हणतात. पिणाऱ्यावर ६६ (१) (ब) आणि सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यावर ८५ लागते. मदत आणि चिथावणीसाठी ८१, तर कट करण्यासाठी ८३ आहे. ही शेवटची दोन कलमे कागदावर अनेकदा येतच नाहीत आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

खटला कुठे फसतो, ते एका नेहमीच्या प्रकरणावरून पाहू. बातमी मिळते, पथक जाते आणि एका पत्र्याच्या घरामागे एक स्त्री किंवा म्हातारा माणूस दहा-पंधरा लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनसह सापडतो. पंचनामा होतो, कॅनमधून बाटलीत नमुना काढला जातो, उरलेली दारू जागेवरच ओतून दिली जाते. आरोपीला अटक न करता नोटीस दिली जाते. यावर गावकरी चिडतात आणि 'सोडून दिले' असे म्हणतात. वस्तुतः सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उगाच अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावले आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही नोटिशीची तरतूद आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो माणूस घरी दिसला म्हणजे पैसे खाल्ले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. कधी तो खराही असतो, पण नेहमीच नसतो.

पुढे पंचांचा प्रश्न येतो. कायद्याला त्याच वस्तीतील प्रतिष्ठित आणि त्रयस्थ असे दोन पंच अपेक्षित आहेत. गावात त्रयस्थ कोण असतो? ज्याच्या बांधाला बांध लागलेला आहे, ज्याच्याकडून उसनवारी चालते, ज्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगतीला बसलो, त्याच्याविरुद्ध दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून 'होय, माझ्यासमोर कॅन जप्त झाला' असे सांगायचे असते. पंच येतो आणि सांगतो, की सह्या पोलीस ठाण्यात घेतल्या, मला काही माहीत नाही. आम्ही त्याला फितूर घोषित करतो आणि उलटतपासणी घेतो. त्यातून फारसे काही निघत नाही. दुसऱ्या टोकाला 'नेहमीचे पंच' असतात, म्हणजे ठाण्याशेजारी चहाची टपरी चालवणारा किंवा रिक्षावाला, ज्याची सही एकाच महिन्यात अनेक पंचनाम्यांवर दिसते. बचाव पक्षाचे वकील ते पंचनामे एकत्र करून न्यायालयापुढे ठेवतात आणि साक्ष तिथेच संपते. पोलिसांची साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ तिच्यावरही शिक्षा होऊ शकते, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. मात्र त्यासाठी ती साक्ष खरोखरच निर्दोष असावी लागते. छाप्याला निघाल्याची ठाणे दैनंदिनीतील नोंद, पंचनाम्यातील वेळ आणि फिर्यादीतील वेळ यांत अर्ध्या तासाची विसंगती असली तरी संशयाचा फायदा आरोपीला जातो.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. दुसऱ्या गावचा तलाठी, कृषी सहायक किंवा शिक्षक पंच म्हणून घेता येतो. त्यांना बदलीनंतरही समन्स पाठवता येते आणि विक्रेत्याशी त्यांचे देणे-घेणे नसते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करावे लागते. ही तरतूद मनापासून अमलात आली तर फितूर पंचांचे निम्मे दुखणे बरे होईल, असे मला वाटते. अडचण अशी, की सातपुड्यातील पाड्यांवर नेटवर्क नसते. मोबाइलमधील चित्रफीत नंतर कोणी, कशी उतरवून घेतली याचे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडायचे राहून जाते, आणि मग ती चित्रफीत असूनही नसल्यासारखीच होते.

नमुन्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण सर्वसामान्य माणसाला ही बाजू दिसत नाही. कॅनमध्ये दारूच होती हे सिद्ध करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. ठाण्यात ज्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात तो हाच. नमुन्याच्या बाटलीवर लाखेचे सील हवे, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी हवी, मुद्देमाल नोंदवहीत नोंद हवी, प्रयोगशाळेपर्यंत बाटली नेणाऱ्या शिपायाचा जबाब हवा आणि सीलचा नमुना वेगळा पाठवलेला हवा. या साखळीतील एक कडी तुटली की प्रयोगशाळेत तपासलेली बाटली याच आरोपीची कशावरून, असा प्रश्न उभा राहतो. रसायनाच्या पिंपांचे तर आणखी कठीण. गूळ, नवसागर आणि पाणी यांचे आंबवलेले ते मिश्रण दोनशे लिटरच्या पिंपांत, नाल्याच्या काठी पुरून ठेवलेले असते. ते वाहून आणणे अशक्य असल्याने जागेवर नष्ट करावे लागते, आणि प्रत्येक पिंपातून वेगळा नमुना घेण्याचा कंटाळा केला जातो. पाच पिंपे फोडली आणि नमुना एकाच पिंपाचा घेतला, तर उरलेल्या चार पिंपांत काय होते ते न्यायालयाला कसे कळणार? शिवाय नदीकाठची जागा कोणाचीच नसते. तापी, अनेर किंवा पांझरेच्या काठच्या काटवनात भट्टी सापडते, आरोपी जीपचा आवाज ऐकून पळालेला असतो, आणि 'अज्ञात इसमाविरुद्ध' दाखल झालेल्या त्या गुन्ह्याचा पुढे काहीही निकाल लागत नाही.

पिणाऱ्यांवरील गुन्ह्यांची कथा वेगळी आहे. फ्रामरोज बलसारा यांच्या प्रकरणात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी रद्द केली. त्यानंतर प्रत्येक आरोपी 'मी औषध घेतले होते' असे म्हणू लागला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळला तर तो औषधातून आला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. परंतु त्यासाठी रक्त तपासावे लागते. तोंडाला वास येत होता आणि चाल डळमळीत होती, एवढ्या पुराव्यावर शिक्षा देता येत नाही, असे १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई करयाणी प्रकरणात सांगितले आहे. रक्त घेण्याचे नियम १९५९ चे आहेत. त्यांनुसार त्वचा पुसताना स्पिरिट वापरायचे नाही आणि नमुना सात दिवसांच्या आत तपासणीसाठी रवाना करायचा. रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर असलेला डॉक्टर सवयीने स्पिरिटचा बोळा वापरतो, किंवा वापरला नाही तरी तसे लिहायला विसरतो. उलटतपासणीतील पहिला प्रश्न त्यावरच असतो. हे सगळे करूनही हाती काय लागते, तर लोकअदालतीत गुन्हा कबूल करून थोडा दंड भरणारा एक मजूर. त्या दंडाचे पैसेही बहुधा त्याच्या बायकोच्या मजुरीतूनच जातात.

हे माहीत असूनही असे गुन्हे मोठ्या संख्येने का दाखल होतात? कारण कारवाईचे मोजमाप संख्येने होते. महिनाअखेरीच्या बैठकीत किती केसेस केल्या असे विचारले जाते, किती शिक्षा झाल्या आणि कोणत्या पातळीवरच्या माणसाला झाल्या, हे क्वचितच विचारले जाते. एका गुळाच्या व्यापाऱ्याविरुद्ध कटाचा गुन्हा उभा करायला अधिकाऱ्याचे दोन महिने जातात. पावत्या गोळा करायच्या, वाहनाच्या नोंदी काढायच्या, फोनचे तपशील मागवायचे आणि शेवटी तो सुटण्याची शक्यताही असते. तेवढ्या वेळात कॅनवाल्या बायकांवर वीस गुन्हे सहज होतात. एक्साइजच्या, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या, दुय्यम निरीक्षकाकडे मोजके जवान, एखादे वाहन आणि विस्तीर्ण कार्यक्षेत्र असते. पोलीस ठाण्याकडे दारूबंदीखेरीज इतर सगळी कामे असतात. अशा माणसाला संख्या मागितली तर तो संख्याच देणार. यात त्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न दुय्यम आहे.

खानदेशाची अडचण सीमेमुळे दुप्पट होते. आपल्या तीन जिल्ह्यांच्या एका बाजूला दारूबंदीचा गुजरात आणि दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश आहे, जिथल्या दारूवरील कर वेगळा आहे. त्यामुळे येथून दोन प्रवाह वाहतात. एक प्रवाह नुसता जाणारा आहे. तो आग्रा रस्त्याने बिजासन घाट उतरून पळासनेर, शिरपूरमार्गे धुळ्याला येतो आणि तेथून साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूरमार्गे गुजरातेत जातो. किंवा अंकलेश्वर–बुऱ्हाणपूर रस्त्याने शहादा, तळोदा, अक्कलकुव्यावरून पुढे जातो. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, ही गंमत सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती गंमत नाही, कारण एका फलाटावर एकाच बाटलीचे दोन टोकांना दोन अर्थ होतात. दुसरा प्रवाह येथेच मुरणारा आहे. 'केवळ मध्य प्रदेशात विक्रीसाठी' असे छापलेल्या बाटल्या मोटारसायकलीच्या पिशव्यांतून सीमेलगतच्या गावांत येतात. आपल्या गावात विकल्या जातात त्या याच असाव्यात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने देशी-विदेशी मद्यावरील शुल्क बरेच वाढवले. दोन राज्यांच्या किमतींतील दरी जितकी रुंद, तितका त्या मोटारसायकलीच्या फेरीतला नफा मोठा, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही.

मोठ्या ट्रकच्या प्रकरणांत जप्तीची छायाचित्रे वर्तमानपत्रात झळकतात आणि तपास चालकापाशी थांबतो. माल एका राज्यात बाटलीबंद झालेला असतो, ट्रक दुसऱ्या राज्यात नोंदलेला असतो, घेणारा तिसऱ्या राज्यात असतो. चालकाला ढाब्यावर फक्त चावी मिळालेली असते, आणि पुढचा माणूस कोण हे त्याला मुद्दामच सांगितलेले नसते. बिलात भलत्याच मालाची नोंद असते. एखादा खरा वाहतूक पास एकाच दिवशी दोन ट्रकांसाठी वापरलेला आढळतो. तरीही धागा सापडत नाही असे नाही. प्रत्येक बाटलीवर बॅच क्रमांक असतो. ती बॅच कोणत्या कारखान्यातून कोणत्या घाऊक विक्रेत्याला गेली, हे मूळ राज्याच्या अबकारी खात्याच्या नोंदींत असते. तसे पत्र पाठवले जाते, त्याला उत्तर येत नाही, स्मरणपत्र जाते, तोवर अधिकाऱ्याची बदली होते आणि नवा अधिकारी चालकापुरते दोषारोपपत्र दाखल करून फाइल मोकळी करतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की ट्रकच्या जप्तीची बातमी वाचून मला आता आनंद होत नाही. मी एवढेच पाहतो, की गुन्ह्यात कलम ८३ लावले आहे का आणि चालकाच्या वरचा एक तरी आरोपी आहे का.

आता कडक शिक्षेविषयी. गुजरातने २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेल्यावर अशा मृत्यूंसाठी फाशीपर्यंतची तरतूद केली. २०१७ मध्ये बेकायदा विक्रीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. २०२२ मध्ये बोटाद परिसरात पुन्हा तेच घडले. बिहारने २०१६ मध्ये संपूर्ण बंदी आणली. सुरुवातीच्या कायद्यात तर घरात दारू सापडली की कुटुंबातील प्रौढ माणसांनाही जबाबदार धरण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये त्यात सौम्यता आणावी लागली, आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दोन ते पाच हजार रुपयांच्या दंडावर सोडण्याची दुरुस्ती झाली, कारण जामीन अर्जांनी न्यायालये तुंबली होती. त्याआधी तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी या कायद्याचा उल्लेख दूरदृष्टीविना केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून केला होता. आणि २०२२ च्याच डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे गेली. कडक शिक्षेची धास्ती तेव्हाच बसते जेव्हा पकडले जाण्याची आणि दोषी ठरण्याची खात्री असते. ती नसताना शिक्षा वाढवली तर विक्रेता भाव वाढवतो आणि मध्यस्थाचा हप्ता वाढतो.

विषारी दारूविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. गुळाच्या हातभट्टीची दारू आरोग्याला घातकच असते. परंतु एका रात्रीत डझनांनी माणसे मरतात ती बहुतेक वेळा त्या भट्टीमुळे नव्हे, तर कारखान्यातील मिथेनॉल मिसळल्यामुळे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर बळी गेले ते मिथेनॉलनेच. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, त्याने आधी दृष्टी जाते आणि मग जीव. म्हणून गावात कोणी दारू पिऊन धूसर दिसते असे म्हणू लागला, तर झोप काढू द्या, उतरेल, असे कदापि म्हणू नये. त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि दारू प्याल्याचे लपवू नये. अंमलबजावणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नाल्याकाठच्या दहा भट्ट्या फोडण्यापेक्षा मिथेनॉलचे आणि स्पिरिटचे टँकर कुठे रिकामे होतात यावर लक्ष ठेवणे माणसांचे जीव अधिक वाचवते.

सातपुड्यातील पाड्यांना मैदानी गावांचा न्याय लावू नये, असे माझे मत आहे. पावरा आणि भिल्ल कुटुंबांत मोहाची दारू देवाला धार घालण्यासाठी, लग्नाच्या बोलणीसाठी आणि होळीच्या सणासाठी लागते. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना घरगुती वापरासाठी मर्यादित दारू गाळण्याची मुभा आहे, आपल्या बाजूला ती नाही. एकाच कुळातील दोन भाऊ डोंगराच्या दोन उतारांवर राहत असतील तर एक कायद्यात आणि दुसरा गुन्ह्यात, अशी स्थिती होते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठवले हे योग्यच झाले. दारू गाळण्याची बंदी मात्र त्याने हटलेली नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार मानला आहे. आपल्या तालुक्याचा काही भागही त्या क्षेत्रात येतो. आपले गाव त्यात असेल तर ग्रामसभेचा ठराव हे महिलांच्या मतदानाइतकेच वजनदार साधन आहे. त्या ठरावात सणाची धार आणि विक्रीचा धंदा यांत फरक करता येतो, जो पोलिसाला छाप्यात करता येत नाही.

हा विषय खानदेशाला नवा नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि पश्चिम खानदेशात पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली होती. त्यानंतर तीसच्या दशकात तळोदा भागात संत गुलाम महाराजांच्या आरतीच्या चळवळीने हजारो कुटुंबे व्यसनापासून दूर गेली. १९७२-७३ च्या सुमारास शहाद्यात श्रमिक संघटनेतील भिल्ल स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्या काळी अंबरसिंग महाराजांसारखे नेतृत्व होते आणि मागे जमिनीच्या, मजुरीच्या लढ्याचे बळ होते. त्या स्त्रियांविषयी मला पूर्ण आदर आहे, तरीही आपण आज मडकी फोडू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. फोडलेले मडके म्हणजे नष्ट केलेला पुरावा. शिवाय घरात शिरल्याचा आणि नुकसान केल्याचा उलट गुन्हा आपल्यावरच दाखल होतो आणि पुढची दोन वर्षे गटातील बायका तारखांना फिरतात.

मग करायचे काय? कायद्यात २०१६ मध्ये ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली आहे. ग्रामसभेत असे दल रीतसर निवडून घ्यावे, म्हणजे तक्रार एका बाईची राहत नाही. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी. तीत जागा, दिवस, वेळ आणि माल कोणत्या वाहनाने कुठून येतो हे लिहावे आणि पोच घ्यावी. विक्रेत्याच्या नावापेक्षा पुरवठ्याची माहिती अधिक मोलाची असते. गुळाची गाडी कधी येते, नवसागर कोण देतो, मोटारसायकल कोणत्या घाटाने उतरते, हे गावाला माहीत असते आणि तपास अधिकाऱ्याला नसते. भट्टीसाठी जाणारा सडका गूळही कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे पुरवठादाराचे नाव तक्रारीत आले की कलम ८१ आणि ८३ का लावले नाही, असा प्रश्न आपल्याला विचारता येतो. छाप्याच्या वेळी चित्रीकरण झाले का आणि पंच कोण होते, हे नम्रपणे पण नक्की विचारावे.

वारंवार सापडणाऱ्या माणसासाठी कलम ९३ अन्वये चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते. ही कारवाई गुन्ह्याच्या निकालाची वाट पाहत नाही आणि माझ्या अनुभवात छोट्या विक्रेत्यावर तिचाच परिणाम अधिक होतो. हद्दपारी आणि १९८१ च्या एमपीडीए कायद्याखालील (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींच्या विघातक कृत्यांना आळा घालणाऱ्या कायद्याखालील) स्थानबद्धता हे पुढचे टप्पे आहेत. हातभट्टीवाल्यांचा उल्लेख त्या कायद्याच्या नावातच आहे आणि एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. परंतु प्रस्तावात जुनी प्रकरणे घुसडली किंवा आदेशाला उशीर झाला, तर उच्च न्यायालय असे आदेश रद्द करते. म्हणून त्याचा आग्रह सरसकट धरू नये, भट्टीचा खरा मालक हाती असेल तरच धरावा.

ज्यांची उपजीविकाच या विक्रीवर आहे, त्यात विधवा आणि परित्यक्ता बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी गटाने कर्जाची किंवा कामाची वाट काढल्याशिवाय त्यांनी धंदा सोडावा ही अपेक्षा टिकत नाही. तसेच वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मार्गदर्शन मिळते.

शेवटी एक काम, जे जवळजवळ कोणीच करत नाही. गुन्हा दाखल झाला की त्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा, दोषारोपपत्र गेले की न्यायालयातील सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) मिळवावा आणि गटातील शिकलेल्या मुलीने ई-कोर्ट्सच्या ॲपवर दर महिन्याला तारीख पाहावी. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला का, पंचांना समन्स बजावले का, हे सहायक सरकारी अभियोक्त्याला भेटून विचारावे. साक्षीच्या दिवशी गटातील चार बायका न्यायालयात मागच्या बाकावर बसल्या तरी पंचाला खोटे बोलणे जड जाते. आपल्या गावातील आजवरच्या सर्व गुन्ह्यांची अशी यादी करून, प्रत्येकापुढे आजची स्थिती लिहून, ती पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ठरावासोबत पोलीस अधीक्षक व राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक या दोघांनाही पाठवावी.